एचबी

फेब्रुवारीत, डार्बीच्या बाहेर, लार्चच्या झाडांआड
ऑर्विल ट्वीट शेडचं दार उघडं टाकून भट्टी पेटवतो.
उघडं, कारण शिशाची वाफ कुणाची सोयरी नाही.
बर्फ उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलेलं.

कढईत मोटारींच्या चाकांची जुनी वजनं.
टायरवाला पूर्वी फुकट द्यायचा,
आता बादलीला वीस डॉलर, आणि निम्मी जस्ताची निघतात.
लोखंडी क्लिपा वर तरंगतात, तो पळीने काढतो.
मूठभर भुसा टाकतो. भुसा धुमसतो, पेटतो,
आणि मळीखालचा धातू आरसा होतो.

"नुसतं शिसं म्हणजे लोणी," तो नातीला सांगतो.
"नखाने ओरखडा उठतो. वेगाने सुटलं
की नळीच्या आट्यांना फासलं जातं,
मग बसा घासत रात्रभर.
स्वभावानेच गाफील ते.
सुरमा त्याच्या डोळ्यांत अंजन घालतो."

"मग भरपूर घाल ना," मार्लिस म्हणते.

"घाल. गोळी काच होईल. हाडावर आपटली की चुरा.
आणि नळीत अंग भरून बसायचीच नाही,
मागचा तापलेला वायू फटीतून चाटत जाईल तिला.
शंभरात तीन. फार तर चार.
सुरमा सासूसारखा, घरात असावा,
पण रोज समोर येऊ नये."

"आणि कथील?"

कथील फारसं कठीण करत नाही.
कथील वाहवतं.
साच्याच्या ज्या कोपऱ्यात शिसं जायला लाजतं
तिथं त्याला हाताला धरून नेतं.
सुरम्याशी गाठही बांधतं, तो एकटा पडू नये म्हणून.
महाग फार. शंभरात दोन पुरे.

या वर्षीचे दोन
ॲर्डिसच्या चहादाणीतून आले.
तोटी वाकलेली, झाकण केव्हाच हरवलेलं.
तीन हिवाळे ती फळीवर होती.
तोटी सगळ्यांत शेवटी बुडाली.
ऑर्विल काही बोलला नाही.
पळी मार्लिसने धरली.

मग कठीणपणा मोजायचा.
यंत्र मिळतं बाजारात, पण त्याच्याकडे
पत्र्याच्या डबीत चित्रकलेच्या पेन्सिली आहेत,
सहा बीपासून सहा एचपर्यंत.
लाकूड सोलायचं, टोक सपाट घासायचं,
तिरकं धरून गोळीच्या पाठीवर रेटायचं.
मऊ पेन्सिल घसरते, काजळ ठेवून जाते.
जी पहिल्यांदा रुतते, ती सांगते गोळीची जात.

शिसपेन्सिल म्हणायचं तिला.
तिच्यात शिसं नाहीच,
आणि शिशाची परीक्षा तिच्याकडे.

ॲर्डिस त्यांनी ओढ्यावरचे डिपर काढायची,
दगडावर उठाबशा काढणारे करडे पक्षी.
सहा एच अजून दुकानातल्यासारखी लांब.
दोन बी घसरली.
बी घसरली.
मग एचबी. अंगठ्याएवढी उरलेली,
मागच्या टोकाला दातांच्या खुणा.

ऑर्विलने चाकू उघडला.
पेन्सिल फिरवून पाहिली, एका बाजूने, मग दुसऱ्या.
चाकू मिटला.

"असेल पुरेशी कठीण," म्हणाला.

"न मोजताच?"

"ओतल्या दिवशी तसंही काही खरं नसतं.
आत सुरमा अजून आपली जागा शोधत असतो.
दोन आठवडे जाऊ देत."

एकवीस गोळ्या खिडकीत उभ्या केल्या.
चिकटपट्टीच्या तुकड्यावर तारीख लिहिली,
एचबीनेच,
इतक्या हलक्या हाताने की सातचा एक वाटावा.

बाविसावी मार्लिसच्या खिशात होती.
रस्ताभर ती नखाने दाबून पाहत राहिली,
हातमोजा काढून, बोटं बधिर होईपर्यंत.
ओरखडा उठला नाही.